जुना हाय-फाय सेट हाती आला, तर आधी चालू करू नका

जुना अँप्लिफायर समोर आला की हात आपोआप प्लगकडे जातो. तो आवरा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटला सर्वांत मोठा धोका पहिल्या काही सेकंदांतच असतो. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या डबीसारख्या भागातला) द्रव सुकत आलेला असतो, वीज अडवणारा ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की कपॅसिटर शॉर्ट होतो आणि कधीकधी ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कपॅसिटर नवा मिळतो, त्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर बहुधा नाही.

म्हणून आधी मागची पाटी वाचा. सेट ११० व्होल्टचा आहे की २३० चा? मग झाकण उघडून फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर, जळकट डाग आणि कुणीतरी घाईत केलेलं सोल्डरिंग शोधा. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या सेटमध्ये तो ४०० व्होल्टच्या घरात असू शकतो, तेव्हा तिथे जाणकार तंत्रज्ञच हवा.

पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये ६० ते १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटची वीज त्यातूनच जाईल असा, जोडतात. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर असेल तर स्पीकर अजून जोडू नका. आधी आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) मोजा. काही मिलिव्होल्ट चालतात, पण बरेच व्होल्ट डीसी निघालं तर स्पीकरची कॉइल जळू शकते. व्हॉल्व्हच्या सेटचं उलट आहे: तो लोड, म्हणजे स्पीकर, न जोडता चालवायचाच नाही.

आवाजाचा नॉब खरखरत असेल तर सेट बंद ठेवून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याचदा फिरवा. तरीही खरखर राहिली तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. गंज सोडवायचा साधा स्प्रे मात्र नको.

गॅरार्ड ३०१ सारख्या टर्नटेबलमध्ये मोटरची गती रबरी चाकातून थाळीला मिळते. ते चाक एकाच जागी दाबलेलं राहिलं की सपाट होतं आणि तबकडीबरोबर धडधडही ऐकू येते. स्पीकरच्या कोनभोवतीचा फोम कालांतराने भुगा होतो. तेवढीच कड बदलून घ्या, मूळ कोन जपा. १९५७ साली आलेल्या क्वाड कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक (कोनऐवजी विजेच्या दाबाने पातळ पडदा हलवणाऱ्या) स्पीकरमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि ते धूळ ओढतात, त्यामुळे वापरात नसताना झाकून ठेवलेले बरे.

सरसकट सगळे भाग बदलण्याचा उत्साह मला पटत नाही. आवाजाची मूळ ठेवण त्यात हरवू शकते. बिघडलेलं तेवढंच बदला आणि काढलेले भाग पाकिटात घालून, तारीख लिहून, सेटसोबतच ठेवा.