'डिस्प्ले नाही' म्हणून आलेलं नवं मशीन: हार्डवेअरच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

आयटीआयचा हार्डवेअर-नेटवर्कचा ट्रेड करून किंवा एखादा छोटा कोर्स करून तुम्ही दुकानात बसायला लागलात, की नव्याने जोडलेलं आणि सुरू न होणारं मशीन लवकरच तुमच्या टेबलावर येईल. मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना आधी एकच गोष्ट सांगतो. मशीन नेमकं कोणत्या टप्प्यावर अडलंय हे सांगता येईपर्यंत एकही भाग बदलायचा नाही.

असं सांगण्याला कारण आहे. जुनं मशीन कालपर्यंत चालत होतं, म्हणजे त्याची जोडणी बरोबर होती आणि नंतर काहीतरी खराब झालं. नव्या मशीनचं उलट असतं. त्यातले भाग बहुतेक वेळा धडधाकट असतात, खोट असते ती जोडणीत किंवा भागांच्या मेळात. पुण्यात टिळक रोडवर किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर माणूस चार दुकानं फिरतो आणि जिथे जे स्वस्त मिळेल ते घेतो. प्रोसेसर एकीकडचा, मदरबोर्ड दुसरीकडचा. हे दोघे एकमेकांना ओळखतात का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. मग मशीन चाललं नाही की पहिला संशय रॅमवर, दुसरा एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायवर. भाग बदलत राहता, पैसे जातात आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

टप्पे चारच धरा. बटण दाबल्यावर काहीच हलत नाही. पंखा किंचित हलतो आणि थांबतो. पंखे, लाइट सगळं चालू, पण पडदा काळा. आणि चौथा, पडद्यावर बोर्डचं नाव येतं पण विंडोज येत नाही. ग्राहक चारही प्रकारांना 'बंद आहे' किंवा 'डेड आहे' असंच म्हणतो. त्याच्याकडून काढून घ्यायचं ते हे: बटण दाबल्यावर काय दिसलं, काय ऐकू आलं, आधी एकदा तरी चालू झालं होतं का, आणि कुणी काय काढून परत लावलं. उत्तरं जॉब कार्डावर लिहा. डोक्यात ठेवलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

काहीच हलत नसेल तर भिंतीपासून सुरुवात करा. दुसऱ्या सॉकेटवर, माहितीतल्या चांगल्या केबलने लावून पाहा, एसएमपीएसच्या मागचं बटण पाहा. मग बोर्डाचा २४ पिनचा कनेक्टर. नवा कनेक्टर घट्ट असतो, बसल्यासारखा वाटतो पण त्याची खिटी अडकलेली नसते. त्यानंतर कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरी. त्या चुकीच्या पिनांवर असतील तर बटण कितीही दाबून उपयोग नाही. मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा, वायरी काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकत्र टेकवा. मशीन सुरू झालं तर बोर्ड आणि एसएमपीएस दोघेही सुटले, दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत.

एसएमपीएस एकटा तपासायचा असेल तर २४ पिनमधली हिरवी वायर काळ्या वायरीला जोडून तो सुरू होतो का पाहतात. बऱ्याच नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच असतात, म्हणून रंगावर न जाता पिना मोजायला शिका. हिरवीची जागा १६ नंबरची. मात्र या चाचणीचा अर्थ नीट समजून घ्या. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चालू होतो, एवढंच कळलं. लोड आल्यावर तो टिकतो की नाही, ते मल्टिमीटर सांगतो. मशीन चालू असताना १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी. आणि एक गोष्ट कधीच करू नका: वायरी सुट्या होणाऱ्या मॉड्युलर एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीची केबल लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाचा पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. केबल बसते, पण चुकीच्या ठिकाणी चुकीचं व्होल्टेज जातं आणि नवीकोरी डिस्क जळते.

पंखा हलून थांबणं हे शॉर्टचं लक्षण समजा. नव्या मशीनमध्ये याचं एक कारण वारंवार सापडतं, आणि ते बोर्ड उचलल्याशिवाय दिसत नाही. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली त्याला उचलून धरणारे पितळी स्टँडऑफ असतात. कॅबिनेट मोठं, बोर्ड मायक्रो-एटीएक्स म्हणजे लहान आकाराचा. कारखान्यातून मोठ्या बोर्डासाठी लावून आलेला एखादा स्टँडऑफ तसाच राहतो आणि जिथे बोर्डला भोकच नाही तिथे खालून टेकतो. एसएमपीएसला शॉर्ट कळतो आणि तो स्वतःला बंद करून घेतो. असं मशीन मी सरळ बाहेर काढतो. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा (चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर नाही, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो), त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएसच्या दोन वायरी, २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच ग्राफिक्स कार्ड. बाहेर चालतं आणि कॅबिनेटमध्ये नाही, म्हणजे कॅबिनेटकडे पाहायचं. बाहेरही चालत नाही, तर संशयित चार-पाचच उरले.

तिसरा टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो: सगळं फिरतंय, डिस्प्ले नाही. आधी मॉनिटरची केबल पाहा. ती बोर्डला लावलीय की ग्राफिक्स कार्डला? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे, त्यात ग्राफिक्स नसतं. बोर्डच्या एचडीएमआयमधून काहीही येणार नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) बसणाऱ्या रायझेनमध्ये तर नावातल्या आकड्यांनंतर जी असेल (जी, जीई, जीटी) तरच ग्राफिक्स असतं. मग बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला ८ पिनचा प्रोसेसरचा कनेक्टर. तो राहून गेला तरी पंखे फिरतात, म्हणून फसायला होतं. ग्राफिक्स कार्डचा ८ पिन वेगळा आणि हा वेगळा: कार्डचा ६ आणि २ असा सुटतो, प्रोसेसरचा ४ आणि ४ असा.

आता बोर्डवरचे चार बारीक लाइट शोधा. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर ते असतात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. सुरुवातीच्या तपासणीत बोर्ड जिथे अडतो तिथला लाइट लागून राहतो. लाइट नसतील तर छोटा स्पीकर लावून बीप ऐका आणि अर्थ त्याच बोर्डच्या मॅन्युअलमध्ये पाहा, कारण बीपचे अर्थ सगळीकडे सारखे नाहीत.

डीरॅमचा लाइट असेल तर एकच रॅम ठेवा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन रॅम असतील तर दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. खिटी एकाच बाजूला असलेल्या स्लॉटमध्ये दुसरी बाजू अर्धवट वर राहते, तिकडे बोटाने दाबून पाहा. जुन्या रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसायची पद्धत आपल्याकडे सगळेच शिकतात. खोक्यातून आत्ता काढलेल्या रॅमवर तिची गरज नाही.

रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर धीर धरा. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या मशीनला पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडदा काळा, डीरॅमचा लाइट पेटलेला. लोक घाबरून वीज बंद करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. मी नव्यांना सांगतो, अशा मशीनला पंधरा मिनिटं द्या, तोवर दुसरं काम करा.

सीपीयूच्या लाइटबद्दल एक केस सांगतो, कारण तीत सगळा धडा आहे. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी मशीन घेऊन आला: रायझेन ५ ५६०० आणि बी४५० बोर्ड, सगळं नवं. पंखे चालू, डिस्प्ले नाही. त्याने रॅम बदलून आणली होती आणि नंतर एसएमपीएसही नवा घेतला होता. वडिलांचे पैसे होते, मुलगा रडकुंडीला आला होता. लाइट सीपीयूचा होता. बी४५० चिपसेट २०१८ चा, आणि रायझेन ५००० मालिका आली २०२० च्या नोव्हेंबरात. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर त्यातल्या बायॉसला (बोर्डमध्येच असलेलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) हा प्रोसेसर माहीतच नाही, सॉकेट तोच असला तरी. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर प्रत्येक प्रोसेसरपुढे तो कोणत्या बायॉस आवृत्तीपासून चालतो ते दिलेलं असतं. बोर्डवरच्या स्टिकरवरची आवृत्ती तिच्याशी ताडून पाहिली, आणि निदान तिथेच झालं.

त्या बोर्डच्या मागे बायॉस फ्लॅशचं बटण होतं. ते असलं की प्रोसेसर ओळखला जात नसतानाही बायॉस भरता येतो: फॅट३२ फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं फाइलचं नेमकं नाव, आणि त्यासाठीच ठरवून दिलेला यूएसबी पोर्ट. लाइट लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून यूपीएसवरच करा. बटण नसेल तर जुना, त्या बायॉसला चालणारा प्रोसेसर तात्पुरता बसवून बायॉस अपडेट करावा लागतो. दुकानात असा एक जुना प्रोसेसर सांभाळून ठेवावा, त्याची किंमत अनेकदा वसूल होते. हेच इंटेलकडेही होतं: ६०० मालिकेच्या जुन्या स्टॉकच्या बोर्डला १३व्या पिढीचा प्रोसेसर लावला की.

बायॉस बरोबर असूनही सीपीयूचा लाइट जात नसेल, तर प्रोसेसर उचलून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पिना पाहा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एएम५ आणि इंटेलमध्ये सॉकेटमध्ये. एखादीच वाकलेली पिन कधी पूर्ण मशीन अडवते, कधी फक्त अर्धे रॅम स्लॉट बंद पाडते. कूलर एका कोपऱ्यात जास्त आवळला गेला तरी रॅमचा एखादा चॅनल दिसेनासा होतो, म्हणून स्क्रू आडव्या-तिरप्या क्रमाने थोडेथोडे आवळा. कूलरखालची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म राहिली असेल तर मशीन सुरू होऊन तापतं आणि थोड्या वेळाने बंद पडतं.

चौथ्या टप्प्याला मी बिघाड म्हणतच नाही. कोऱ्या डिस्कवर विंडोज नाही, तेव्हा 'बूट डिव्हाइस नाही' असा मेसेज येणारच. बायॉसमध्ये डिस्क दिसते का, एवढं पाहा. दिसत नसेल आणि ती एम.२ (थेट बोर्डवर बसणारी चपटी पट्टी) असेल, तर ती साटा प्रकारची आहे की एनव्हीएमई आणि स्लॉट कोणता प्रकार घेतो ते मॅन्युअलमध्ये ताडा. एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद होणं हेही तिथेच लिहिलेलं असतं. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्सपो विंडोज पूर्ण बसेपर्यंत चालू करू नका. केलं आणि डिस्प्ले गेला, तर प्लग काढून मॅन्युअलप्रमाणे सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायॉसची सेटिंग मूळ स्थितीवर आणा.

एवढं सगळं करून भाग खरोखर खराब निघाला, तर तो आरएमएला, म्हणजे वॉरंटीत कंपनीकडे परत, पाठवायचा. जाण्याआधी सॉकेटच्या पिनांचे स्वच्छ फोटो काढा, सीरियल नंबरासकट, आणि ग्राहकासमोर काढा. सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी खोक्यात सांभाळून ठेवलेली असते तीच परत लावा. तिच्याशिवाय आलेला बोर्ड सर्व्हिस सेंटर पिना वाकल्या म्हणून परत करू शकतं. तक्रारीच्या रकान्यात 'डेड' लिहू नका. लिहा: बोर्ड कॅबिनेटबाहेर, एक रॅम, दुसरा स्लॉट, बायॉस अमुक आवृत्ती, सीपीयूचा लाइट कायम, दुसऱ्या चालू प्रोसेसरवरही तेच. पलीकडच्या टेक्निशियनला यातून तुमची तपासणी कळते, आणि त्याला ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही.