माणसांची वाहवा की देवाची पसंती

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी, तो कोणालाच कळणार नसता तरी आपण घेतला असता का, हे प्रार्थनेत स्वतःला विचारावे. याची खरी कसोटी दानात लागते; बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू ते गुप्तपणे द्यायला सांगतो, म्हणून सोलापुरातल्या आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) देणगीदारांची नावे वाचली जाणार असली, तरी पाकीट नाव न घालताच अर्पणाच्या थैलीत टाकावे. (नावाच्या पावतीचा मोह इथेच कळतो.) चार लोकांत शोभावे म्हणून कर्ज काढून आहेराला चादरींचे गठ्ठे वाटणेही टाळावे. मात्र पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) चूक दाखवली, तर ‘मी फक्त देवालाच उत्तर देईन’ म्हणून ती झटकू नये, बायबलच्या वचनाशी ताडून पाहावी. कारण गलतीकरांस पत्रात माणसांना खूश करण्याचे नाकारणारा प्रेषित पौलच पुढे चुकलेल्याला सावरायला आणि एकमेकांची ओझी वाहायला सांगतो.