तुमच्या गावची पाणथळ यादीत आहे का? भराव पडायच्या आधी बघून घ्या

तळ्यात डेब्रिजचे डंपर यायला लागले की सगळे कलेक्टर ऑफिसला धावतात आणि तिथे उत्तर मिळतं, ही जागा पाणथळ म्हणून नोटिफाय झालेलीच नाही. म्हणून हे काम आत्ताच करून ठेवा.

केंद्राचे २०१० चे पाणथळ नियम २०१७ ला बदलले आणि नोटिफाय करायचं काम राज्यांकडे गेलं, पण सोबत व्याख्याच आखडली. नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचन, मीठ, मत्स्यशेती, करमणूक यासाठी मुद्दाम बांधलेल्या जागा सगळ्या बाहेर. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला एवढे फ्लेमिंगो येतात पण धरण सिंचनाचं, मग ते व्याख्येत बसवायचं कसं सांगा. केरळने तर २००८ चा स्वतःचाच चांगला कायदा २०१८ ला सैल केला, डेटा बँकेत, म्हणजे भातशेती आणि पाणथळींच्या सरकारी यादीत, नाव नसलेली जमीन फी भरून बदलून घेता येते. मला हे फार चुकीचं वाटतं, पाणी कागद बघून साठत नाही.

तर सुरुवात इस्रोच्या पाणथळ अ‍ॅटलासपासून करा. त्यातल्या २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळी २०१० च्या जुन्या नियमांतल्या नियम ४ च्या तत्त्वांप्रमाणे जपायच्या असं सुप्रीम कोर्टाने ८ फेब्रुवारी २०१७ ला सांगितलंय, त्यामुळे तुमचं तळं त्यात सापडलं तर तो नकाशा प्रिंट काढून ठेवा, आणि गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो दिसतात तेही पावसाळ्यानंतरचे आणि उन्हाळ्यातले दोन्ही सेव्ह करा.

मग सातबारा काढा, मालक कोण आणि पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) की काय लिहिलंय ते कळतं. त्यानंतर आरटीआय, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात "आमचं तळं पाणथळ यादीतून का वगळलं" असं विचारत बसू नका, कागद मागा: स्थळ पाहणीचा अहवाल, नकाशा, कोणाच्या सहीने वगळलं तो शेरा. डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करायला सांगितलंय त्यामुळे पाहणीच झाली नाही असं उत्तर आलं तरी ते तुमच्या कामाचंच आहे.

सगळ्यात जास्त भांडण "मानवनिर्मित" या शब्दावर होतं. मिठागर होतं म्हणून वगळलं असं म्हणाले तर भूमी अभिलेखकडून जुना नकाशा काढा, बांध घालायच्या आधी तिथे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी येणारी दलदल, होतं हे दिसलं तर तुमची बाजू खूप मजबूत होते.

मग कलेक्टर आणि राज्य पाणथळ प्राधिकरण दोघांना लेखी अर्ज द्या, पोचीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. आणि भराव सुरू झालाच तर पहिल्याच दिवशी तारखेसकट फोटो काढा कारण पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जायला साधारण ६ महिनेच मिळतात आणि ते वाद पहिल्यांदा उभा राहिला तिथपासून मोजतात.