फोन वाजण्याआधी घरात करून ठेवायची कामं

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, आम्ही कंपनीतून बोलतोय,' असं फोनवर सांगणारा भामटा मध्ये श्वाससुद्धा घेत नाही. ऐकणाऱ्याला विचार करायला उसंत मिळू नये, म्हणूनच. तेव्हा विचार आधी उरकून ठेवलेला बरा. आई-बाबांकडे जाल तेव्हा एक दुपार यासाठी काढा.

आधी कागद. डेबिट कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 आणि तुमचा स्वतःचा नंबर, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. सोबत बजावून ठेवा की टीव्ही बिघडो वा रिचार्ज अडो, कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधायचा नाही. बिलावर नाहीतर वॉरंटी कार्डावर असेल तोच लावायचा. भामटे आपले नंबर नेटवर पेरून ठेवतात. हा प्रकार मला येणाऱ्या फोनपेक्षाही वाईट वाटतो, कारण फोन आपणच लावलेला असतो, मग संशय कोणाचा घेणार?

मग लॅपटॉप उघडा आणि भामटा जे दाखवणार ते तुम्हीच आधी दाखवून टाका. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधून उघडा. लाल गोल, पिवळे त्रिकोण, 'एरर', 'वॉर्निंग' यांची ही भली मोठी रांग दिसेल. धडधाकट मशीनवरही ती असतेच. आत घडणाऱ्या बारीकसारीक गोष्टींची ती नोंदवही आहे. फोनवरचा माणूस हीच रांग दाखवून 'बघा किती व्हायरस' म्हणतो. दुसरा डाव याहून बेरकी. 'कमांड प्रॉम्प्ट'च्या काळ्या खिडकीत 'असॉक' (assoc) अशी कमांड टाइप करायला लावतात. भराभर ओळी सरकतात आणि तळाशी 888 ने सुरू होणारा एक लांबलचक कोड दिसतो. तो फोनवर वाचून दाखवतात : 'हा तुमच्या कॉम्प्युटरचा आयडी, जुळतोय ना?' जुळणारच. तो कोड तुमच्याकडे, माझ्याकडे, सगळ्यांच्या विंडोजवर एकच असतो. बाबांना शेजारी बसवून हे एकदा करून दाखवा, नुसतं सांगून पटत नाही.

स्क्रीनभर लाल इशारा, भोंगा आणि खाली फोन नंबर आला तर काय, याचीही तालीम घ्या. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. एस्केप बटण दाबून धरायचं, फुल स्क्रीन गेली की ब्राउझर बंद. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉपच बंद करायचा. परत उघडताना जुनी पानं 'रिस्टोअर' करायची नाहीत. त्याच बैठकीत ब्राउझरची नको ती नोटिफिकेशन्स बंद करा, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुसऱ्याला दूरवरून आपली स्क्रीन चालवू देणारी अ‍ॅप्स) विनाकारण पडून असेल तर काढा, आणि नेट बँकिंगची रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणा.

कोणी परदेशात असेल तर त्यांनाही कळवा. ऑक्टोबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींनंतर सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-2' मध्ये छापे घातले. ती कॉल सेंटरं भारतात आणि गिऱ्हाइकं बाहेरची. तिकडे गिफ्ट कार्डं विकत आणायला लावून त्यावरचे नंबर विचारतात. कोणतीही कंपनी दुरुस्तीचे पैसे गिफ्ट कार्डात घेत नाही.

इतकं करूनही स्क्रीन कोणाच्या ताब्यात गेलीच, तर आधी वायफायचा राउटर बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँक, लगेच 1930, त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. लाजेपायी रात्र जाऊ देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार खातेदाराच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पासवर्ड दुसऱ्याच मशीनवरून बदला. स्क्रीन ताब्यात देणारं ते अ‍ॅप काढण्याआधी मेसेज आणि व्यवहार क्रमांकांचे फोटो घ्या, पोलिसांना लागतील. पुढे काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा' असाही फोन येऊ शकतो. फसलेल्यांची यादी अनेकदा तीच असते, कधी कधी टोळीही तीच.