टिनाच्या घरात रेंज नाही? एक फोन उंच बसवा, बाकीच्यांची बॅटरी वाचवा

सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारीच वीस टक्क्यांवर येतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा बॅटरीचा नसतो. टॉवर लांब आणि मध्ये टिन असलं की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो. फोर-जी फोनचा कमाल जोर साधारण 200 मिलिवॅट. रेंज चांगली असली की तोच फोन एका मिलिवॅटपेक्षाही कमीत भागवतो. म्हणून घरातल्या चारही फोनना ओरडायला लावण्यापेक्षा एकाला टॉवर 'दिसेल' अशा जागी बसवायचं आणि बाकीच्यांनी वायफायवरून त्याच्या हाती निरोप द्यायचा.

आधी मोजा. काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस, सिग्नल स्ट्रेंग्थ असं गेलात की डीबीएममध्ये (रेंजचा जोर मोजायचं माप) उणे आकडा दिसतो (नावं फोनप्रमाणे थोडी बदलतात). उणे 90 चांगला, उणे 115 वाईट. एकाच फोनने, एकाच सिमवर स्वयंपाकघर, ओसरी, माडीची खिडकी, टाकीचा चौथरा असं फिरा आणि प्रत्येक जागी मिनिटभर थांबून आकडा लिहा. 10 चा फरक म्हणजे वाट दहापट सोपी, 20 चा म्हणजे शंभरपट. नेटवर्क सगळा फरक फोनच्या जोरात उतरवत नाही, त्यामुळे बचत त्याहून कमी होते, तरी भरपूर होते. फरक 6 च्या आत असेल तर हा खटाटोप करू नका. वरच्या फोनचाच खर्च जास्त होईल.

जागा ठरली की तिथे जुना फोर-जी फोन ठेवा. हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर लावा, 5 वर नको, भिंतीतून 2.4 बरा जातो. टिनातून मात्र दोन्ही जात नाहीत, म्हणून खिडकी, दार किंवा कवेलूच्या बाजूने वाट ठेवा. 'कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट बंद' हा पर्याय काढून टाका, नाहीतर पहाटे तो बंद झालेला असतो आणि घरभर शोध सुरू होतो. पासवर्ड घाला, नाहीतर डेटा शेजारची पोरं संपवतील.

खालच्या फोनवर मोबाइल डेटा बंद, वायफाय आणि वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल करायची सोय) सुरू. तरी कॉल टॉवरवरूनच जात असेल तर एअरप्लेन मोड लावून वायफाय परत सुरू करा. बँकेचा ओटीपी येत नसेल तर एअरप्लेन मोड तेवढ्यापुरता काढा.

सगळ्यात जास्त घोळ उन्हाने होतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की टिनाला टेकलेला फोन तापून बंद पडतो, आणि सतत चार्जरवर असला तर बॅटरी फुगते. टिनापासून हातभर खाली, सावलीत, वारा लागेल असा टांगा. फोनमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर लावा. लोडशेडिंगसाठी 10,000 एमएएचची पॉवर बँक जोडा, पण तीही सावलीतच. उघड्यावर ठेवणार असाल तर जाळी लावा; वानरं वायर ओढतात.

बाजारातला रेंज वाढवणारा बूस्टर मात्र आणू नका. परवान्याशिवाय बसवणं बेकायदा आहेच, शिवाय तो टॉवरच्या कानात खरखर भरतो आणि मग गावातल्या प्रत्येक फोनला आणखी जोरात बोलावं लागतं.