पेटकोकच्या राखेतून व्हॅनेडियम कसं काढावं

गोव्याच्या मुरगाव बंदरात पेटकोक, म्हणजे तेल शुद्धीकरणात उरणारा कोळशासारखा घन पदार्थ, उतरतो; सासष्टीत तो भाजतात. फोंड्यातल्या माझ्या टेबलावर त्याची राख येते, बारीक आणि हाताला चिकटणारी. क्रूड तेलातलं व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू कोकात साठतात, कोक जळला की राखेत दाट होतात. व्हेनेझुएलाच्या जड तेलाची राख मिळाली तर सोडू नका, तिच्यात व्हॅनेडियम भरपूर असतं.

राखेत उरलेला कार्बन आधी जाळा, मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत) ६०० अंश सेल्सिअसवर. राखेतलं व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, म्हणजे व्हॅनेडियमचा ऑक्साइड, ६९० अंशांच्या आसपास वितळतं. पहिल्या खेपेला मी एकदम ८५० ला नेलं आणि राख काचेसारखी मुशीला बसली. ती मूस फेकावी लागली.

मग ५० ग्रॅम राखेला १५ ग्रॅम सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट). पावसाळ्यात आमच्याकडे बंद डब्यातही सोड्याचे खडे होतात, म्हणून वजनाआधी तो तासभर १५० अंशांवर सुकवा. खलात एकजीव करून ८०० अंशांवर दोन तास ठेवा, मधे एकदा ढवळा. निवलेलं ढेकूळ कुटून २५० मिली पाण्यात ९० अंशांवर तासभर ढवळत राहा. व्हॅनेडियम पाण्यात उतरतं, निकेल आणि लोखंड गाळात राहतं. गाळून घ्या.

आता खरं कसबाचं काम. सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून पीएच ८ वर आणा. चिकट सिलिका सुटली तर पुन्हा गाळा. पाण्यावर केशरी झाक आली म्हणजे आम्ल जास्त झालं. घाबरू नका, थोडा अमोनिया घालून ऊन करा, रंग हळूहळू जातो. मग अमोनियम क्लोराइड सढळ हाताने घाला आणि रात्रभर गार जागी ठेवा. सकाळी तळाशी पांढरी साय बसलेली दिसते, ते अमोनियम मेटाव्हॅनेडेट, व्हॅनेडियमचा क्षार. साध्या पाण्याने धुतलंत तर थोडं विरघळून जाईल. अमोनियम क्लोराइडच्या गार पाण्यानेच धुवा. फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) ५०० अंशांवर तापवलं की अमोनिया उडतो आणि केशरी-तांबूस पेंटॉक्साइड उरतं. ही पूड विषारी आहे, मास्क आणि हातमोजे हवेतच. उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, धोकादायक कचऱ्याच्या कॅनमध्ये साठवा. खांडेपार नदीचं पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रामार्गे आपल्याच नळाला येतं.

गाळ टाकू नका. तो विरळ सल्फ्युरिक आम्लात उकळून गाळा. थोड्या द्रावणात लोखंड धरून ठेवायला टार्टारिक आम्ल घाला, अमोनियाने अल्कधर्मी करा आणि डायमिथाइलग्लायॉक्झिमचे दोन थेंब सोडा. कुंकवासारखा लाल साका आला की निकेल आहे.