फेरेटला लस द्यायची की नाही? आधी दाराजवळचे बूट बघा

‘आमचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) घराबाहेर जातच नाही, मग लस कशाला?’ हा विचार डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराच्या बाबतीत फसतो. त्याचा विषाणू आपल्या बुटांना, कपड्यांना चिकटूनही घरात येतो आणि फेरेटला हा आजार झाला की तो वाचणं जवळपास अशक्यच. माझ्या मते डिस्टेंपरची लस टाळू नये. रेबीजचं तुमच्या भागातल्या नियमांवर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावर ठरवा. रेबीजची लस साधारण 12 आठवड्यांच्या वयानंतर देतात.

खरी भीती असते रिअ‍ॅक्शनची. त्यावर उपाय:

1. दोन्ही लशी एकाच दिवशी नकोत, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. त्रास झालाच तर कुठल्या लशीचा, ते कळतं.
2. टोचल्यावर लगेच निघू नका, अर्धा तास दवाखान्यातच थांबा. उलटी, जुलाब, लाळ, पांढुरक्या हिरड्या किंवा धाप दिसली की तिथेच उपचार मिळतात.
3. लशीचं नाव आणि तारीख मोबाइलमध्ये टिपून ठेवा. (कार्ड हमखास हरवतं!)

कुत्र्यांची अनेक रोगांवरची एकत्रित लस मात्र फेरेटला देऊ नका. आणि आधी कधी रिअ‍ॅक्शन आली असेल, तर सुई टोचण्याआधीच डॉक्टरांना सांगा.